गॅस्टन प्लांटे: गाडीतल्या दुसऱ्या बॅटरीमागचा माणूस

तुमच्या हातातला फोन रात्री चार्जिंगला लावला की सकाळी शंभर टक्के होतो. यात आपल्याला आता काहीच विशेष वाटत नाही. पण संपलेली बॅटरी पुन्हा भरता येते, ही गोष्ट एकेकाळी कुणाच्या खिजगणतीतही नव्हती. बॅटरी संपली की आतला धातू झिजलेला असायचा आणि रसायन फुकट गेलेलं असायचं. नवा धातू, नवं आम्ल, नवा खर्च.

हे चित्र ज्यांनी बदललं त्यांचं नाव गॅस्टन प्लांटे. फ्रान्सचे. जन्म १८३४, मृत्यू १८८९. यांच्यावर लिहायचं कारण म्हणजे आमची शिराळ्यातली जुनी गाडी. एक मिनीबस घेऊन आम्ही तिचं चाकावरचं घर केलंय, म्हणजे मोटरहोम. यंदा तिच्यात घरातल्या वापरासाठी दुसरी बॅटरी बसवली. ती जोडताना काय चालतं आणि काय चालत नाही हे समजून घ्यायला बसलो, तर फिरून फिरून प्लांटे यांच्यापाशीच येत होतो. म्हणून आज त्यांची गोष्ट, आणि तिच्यासोबत दुसऱ्या बॅटरीचं गणितही.

ऑर्थेझचा मुलगा आणि एक राक्षसी पक्षी

२२ एप्रिल १८३४ रोजी फ्रान्सच्या नैर्ऋत्येला, पिरेनीज डोंगरांच्या पायथ्याजवळच्या ऑर्थेझ या गावात प्लांटे यांचा जन्म झाला. त्यांचा धाकटा भाऊ फ्रान्सिस पुढे नावाजलेला पियानोवादक झाला. एक भाऊ सुरांच्या मागे गेला आणि दुसरा विजेच्या. दोघांनीही नाव काढलं.

शिक्षण पॅरिसमध्ये झालं. १८५४ मध्ये, म्हणजे विशीत असतानाच, प्लांटे तिथल्या कला आणि हुन्नर शिकवणाऱ्या मोठ्या संस्थेत भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून लागले. काम काय, तर प्राध्यापकांच्या व्याख्यानाआधी प्रयोगाची मांडामांड करायची, उपकरणं पुसून नीट ठेवायची आणि तारा जोडून द्यायच्या. आजच्या भाषेत लॅब असिस्टंट.

आता त्यांचे साहेब कोण होते ते ऐका. एडमंड बेकरेल. प्रकाश पडला की वीज तयार होते, हा परिणाम १८३९ मध्ये पहिल्यांदा ज्यांनी दाखवला तेच हे बेकरेल. आज आपण छपरावर सोलर पॅनेल लावतो त्याचं मूळ तिथं आहे. (त्यांच्या मुलाने, हेन्री बेकरेल यांनी, पुढे किरणोत्सर्ग शोधला.) म्हणजे बघा, मोटरहोमच्या टपावर पॅनेल असतं आणि सीटखाली बॅटरी असते. वरची कल्पना साहेबांची, खालची त्यांच्या साहाय्यकाची. दोघं एकाच प्रयोगशाळेत वावरत होते, पण या दोन गोष्टींची जोडी जमायला पुढं शंभराहून जास्त वर्षं जावी लागली.

१८५५ मध्ये प्लांटे यांच्या हाती एक भलतीच गोष्ट लागली. पॅरिसजवळच्या म्यूदों इथं त्यांना एका प्रचंड मोठ्या, उडू न शकणाऱ्या पक्ष्याचं जीवाश्म सापडलं. त्या पक्ष्याला त्यांच्याच नावावरून ‘गॅस्टॉर्निस’ असं नाव दिलं गेलं. एकविसाव्या वर्षी कुणाच्या नावाचा प्राणी असतो सांगा! दुसरा कुणी असता तर आयुष्यभर हाडंच शोधत बसला असता. प्लांटे मात्र पुन्हा तारा आणि पत्र्यांकडे वळले.

त्यांच्या आधीची बॅटरी

प्लांटे यांनी काय केलं हे कळायला आधी काय होतं ते थोडक्यात बघू.

१८०० मध्ये इटलीच्या व्होल्टा यांनी जस्त आणि तांब्याच्या चकत्या एकावर एक रचून, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले तुकडे घालून पहिली बॅटरी केली. १८३६ मध्ये डॅनियल यांनी जास्त वेळ टिकणारा सेल केला. त्यानंतर बुन्सेन यांचा आला. तारायंत्रं यांवर चालायची. पण या सगळ्यांत जस्त खर्ची पडायचं. चुलीत लाकूड जळावं तसं. लाकूड संपलं की नवं आणायचं, राखेचं परत लाकूड होत नाही.

थोडी उलटी चाहूल लागली होती. जर्मनीत रिटर यांनी १८०३ च्या सुमाराला पाहिलं होतं की एका बॅटरीतून वीज सोडून दुसरा साधा थर ‘भरता’ येतो आणि तो थोडा वेळ उलटी वीज देतो. सिन्स्टेडेन यांनी १८५४ मध्ये शिशाच्या पत्र्यांबाबत असंच काही नोंदवलं होतं. पण याचा उपयोग काय, हे कुणी पक्कं केलं नव्हतं. बहुतेकांच्या दृष्टीने ही उलटी वीज म्हणजे एक कटकट होती, कारण तिच्यामुळं मूळ बॅटरीचा जोर कमी व्हायचा.

प्लांटे यांनी त्या कटकटीलाच कामाला लावलं.

१८५९: शिशाची गुंडाळी

त्यांची पद्धत चिकाटीची होती. पातळ केलेल्या गंधकाम्लात एकेका धातूच्या जोड्या बुडवायच्या, वीज सोडायची, बंद करायची आणि कोणता धातू किती वेळ, किती जोरात वीज परत देतो ते मोजायचं. चांदी, सोनं, प्लॅटिनम, कथील, तांबं असं करत ते शिशापाशी आले. सगळ्यात स्वस्त आणि मळकट दिसणारं शिसं सगळ्यांत सरस निघालं.

मग त्यांनी शिशाचे दोन लांब पत्रे घेतले, एकमेकांना टेकू नयेत म्हणून मध्ये रबराच्या पट्ट्या ठेवल्या, सुरळीच्या वडीसारखी त्याची गुंडाळी केली आणि साधारण दहा टक्के गंधकाम्ल असलेल्या पाण्यात ती बुडवली. झाली जगातली पहिली, कामाला येईल अशी रिचार्जेबल बॅटरी. साल १८५९.

आत काय होतं ते सोप्या शब्दांत सांगतो. चार्ज झालेल्या सेलमध्ये एका पत्र्यावर शिशाचं तपकिरी ऑक्साइड असतं आणि दुसऱ्यावर जाळीदार, मऊ शिसं. वीज वापरत गेलो की दोन्ही पत्र्यांवर शिशाचं सल्फेट जमतं आणि आम्ल पातळ होऊन पाण्याच्या जवळ जातं. उलट्या दिशेने वीज सोडली की सल्फेट विरघळून सगळं मूळ जागी येतं. अशा एका सेलचा दाब साधारण २ व्होल्ट. म्हणून गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा कप्पे असतात आणि जुन्या बॅटरीवर पाणी घालायची सहा बुचं असतात. बॅटरीवाला काचेच्या नळीने ‘ग्रॅव्हिटी’ बघतो तेव्हा तो आम्ल किती दाट आहे तेच मोजत असतो. दाट म्हणजे भरलेली, पातळ म्हणजे उतरलेली.

एक त्रास होता. नवे कोरे पत्रे सुरुवातीला फारच कमी वीज साठवायचे. चार्ज करा, उतरवा, तारा उलट्या जोडून परत चार्ज करा, मध्ये विश्रांती द्या, असं कितीतरी वेळा केल्यावर पत्र्यांचा वरचा थर मुरायचा. या मुरवण्याला आठवडे, महिने जायचे. आणि हे करायला वीज कुठून आणायची? डायनॅमो अजून आलेले नव्हते. म्हणजे पुन्हा त्याच जस्त खाणाऱ्या जुन्या सेलमधूनच. प्लांटे यांच्या बॅटरीला वीस वर्षं थांबावं लागलं ते यामुळं. साठवायचं भांडं तयार होतं, पण भरायला नळच नव्हता.

१८६०: नऊ सेल, एक पेटी

पुढच्याच वर्षी प्लांटे यांनी पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे आपली बॅटरी मांडली. एका पेटीत नऊ सेल होते आणि ते समांतर जोडलेले होते. म्हणजे सगळ्यांचे प्लस एका बाजूला, सगळ्यांचे मायनस दुसऱ्या बाजूला. आमच्या दुसऱ्या बॅटरीची गोष्ट इथून सुरू होते.

बॅटऱ्या जोडायच्या दोन पद्धती. पाण्याच्या टाक्यांवरून समजून घ्या.

गच्चीवर एक टाकी आहे. तिच्या शेजारी, त्याच उंचीवर दुसरी टाकी ठेवली आणि खालून पाइपने जोडली. नळाला पाण्याचा जोर तेवढाच राहील, पण पाणी दुप्पट पुरेल. ही समांतर जोडणी. आता तीच दुसरी टाकी पहिलीच्या डोक्यावर, आणखी एक मजला उंच नेली तर जोर वाढेल. ही एकसर जोडणी, म्हणजे सिरीज.

१२ व्होल्टच्या दोन १०० अँपिअर-तासाच्या बॅटऱ्या समांतर जोडल्या तर १२ व्होल्टच राहतात, साठा २०० अँपिअर-तास होतो. एकसर जोडल्या तर २४ व्होल्ट होतात, साठा १०० च राहतो. गाडीतले पंखे, दिवे, फ्रिज १२ व्होल्टचे असतील आणि कुणी चुकून एकसर जोडणी केली, तर पहिल्याच झटक्याला सगळं जळणार.

प्लांटे यांना नऊ सेल समांतर का लागले? कारण त्यांना दाखवायचं होतं की ही पेटी एकदम प्रचंड प्रवाह सोडू शकते. तार लालभडक होऊन वितळेल इतका. जुन्या सेलना ते जमत नव्हतं. हाच गुण आज गाडी स्टार्ट करताना कामाला येतो. पाना हातातून निसटून दोन टर्मिनलवर पडला तर ठिणग्यांचा स्फोट होतो, तोही याच गुणामुळं.

आमच्या गाडीचं गणित

आमचे अण्णा एस.टी.त ड्रायव्हर होते. आयुष्यभर लोकांना देवदर्शनाला नेलं, स्वतः मात्र कुठं उतरून पाहिलं नाही. निवृत्तीनंतर फिरायचं ठरलं. शिराळ्यातून कोकरूड, मलकापूर करत आंबा घाटाने खाली कोकणात, कधी वारणेच्या काठाने चांदोलीकडं. अडचण एकच. अण्णांना मधुमेह आहे आणि रोज इन्सुलिन घ्यावं लागतं. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचं असतं. एप्रिलमध्ये उभ्या गाडीचा पत्रा तापतो तेव्हा आत काय होत असेल ते तुम्हीच समजा.

गाडीत १२ व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर फ्रिज आहे. कोकणात एका रात्री पहाटे फ्रिज बंद पडला. फ्रिज बिघडला नव्हता. बॅटरीचा दाब खाली गेला की तो स्वतःच बंद होतो, ते त्याचं संरक्षण आहे. सकाळी आई म्हणाली, “औषध गार राहणार नसेल तर आता कुठं जायचं नाही.” अण्णा काही बोलले नाहीत, नुसती किल्ली खिशात टाकली. त्यांचं गप्प बसणं मला जास्त लागलं.

मग वही घेऊन बसलो. चोवीस तासांचा हिशोब असा:

- फ्रिज: चालू असताना ४ अँपिअर, उन्हाळ्यात निम्मा वेळ चालू. ४८ अँपिअर-तास.
- दोन पंखे: प्रत्येकी २ अँपिअर, आठ तास. ३२ अँपिअर-तास.
- एलईडी दिवे: सगळे मिळून १ अँपिअर, पाच तास. ५ अँपिअर-तास.
- चार फोनचं चार्जिंग: वाया जाणारी वीज धरून साधारण ७ अँपिअर-तास.

एकूण ९२. आमची घरातली बॅटरी १०० अँपिअर-तासाची. मग पुरायला हवी ना? नाही. शिशाची बॅटरी रोज तळापर्यंत उतरवली तर ती लवकर बसते. निम्मीच वापरावी असा साधा नियम. म्हणजे हातात ५० च. तशाच दोन बॅटऱ्या समांतर केल्या की निम्मे म्हणजे १००. ९२ ची गरज भागली.

दुसरी बॅटरी आली की आणखी एक फायदा होतो. बॅटरीतून जितक्या जोरात वीज ओढाल तितका तिचा एकूण साठा कमी भरतो. जर्मनीच्या प्यूकर्ट यांनी १८९७ मध्ये हा नियम सूत्रात मांडला. दोन बॅटऱ्यांत भार वाटला गेला की प्रत्येकीवर निम्मा ताण येतो. त्यामुळं दोन बॅटऱ्या एकीच्या दुपटीपेक्षा थोडं जास्तच पुरतात. एकट्याने पोतं उचलणं आणि दोघांनी धरणं यात फरक असतो तसा.

आणि फोनवाल्यांसाठी एक सूचना. ५००० एमएएचचा फोन आणि १०० अँपिअर-तासाची गाडीची बॅटरी यांची तुलना नुसत्या एमएएचवर करू नका. व्होल्टने गुणायला लागतं. फोन म्हणजे साधारण १९ वॉट-तास, गाडीची बॅटरी १२०० वॉट-तास. साठेक फोन भरतील एवढी.

दुसरी बॅटरी जोडताना

आम्ही हे काम एका अनुभवी इलेक्ट्रिशियनकडून करून घेतलं, मी शेजारी उभा राहून प्रत्येक गोष्ट विचारत होतो. तुम्हीही तसंच करा. पण हे मुद्दे तुम्हाला माहीत असायलाच हवेत.

१. जुळ्या बॅटऱ्या घ्या. तोच प्रकार, तोच साठा, शक्यतो तेच वय. आम्हाला कुणीतरी सुचवलं की घरच्या इन्व्हर्टरची जुनी बॅटरी पडून आहे, तीच जोडा. अण्णांनी लगेच नकार दिला. “म्हातारा बैल आन् खोंड एका जुवाला जुंपलं की दोघंबी बसत्यात,” म्हणाले. विज्ञान तेच सांगतं. जुनी बॅटरी लवकर उतरते, नवी तिला सतत भरत बसते आणि दोन्ही लवकर संपतात. आम्ही दोन्ही नव्या घेतल्या.

२. जोडण्याआधी दोन्ही वेगवेगळ्या पूर्ण चार्ज करा, काही तास तशाच ठेवा, मग मल्टिमीटर लावून बघा. भरलेली बॅटरी १२.७ व्होल्टच्या आसपास दिसते. दोघींत फरक असेल तर जोडताक्षणी एकीतून दुसरीत जोरात प्रवाह धावतो.

३. तिरकी जोडणी करा. प्लसची मुख्य केबल पहिल्या बॅटरीवरून काढा आणि मायनसची दुसऱ्या बॅटरीवरून. दोन्ही एकाच बॅटरीवरून काढल्या तर तीच जास्त राबते आणि दुसरी बसून राहते. केबल जाड घ्या, दोन्ही जोडकेबल सारख्याच लांबीच्या ठेवा आणि थिंबल नीट दाबून बसवा.

४. प्रत्येक बॅटरीच्या प्लसजवळच फ्यूज लावा. प्लांटे यांच्या पेटीत तार का वितळायची ते आठवा. फ्यूज नसेल तर वितळणारी तार तुमच्या गाडीतली असेल.

५. इंजिन स्टार्ट करायची बॅटरी वेगळी ठेवा. मध्ये आयसोलेटर किंवा रिले लागतो. इंजिन चालू असताना अल्टरनेटर सगळ्यांना भरतो, बंद झालं की दोन्ही बाजू तुटतात. रात्रभर फ्रिज चालला तरी सकाळी गाडी स्टार्ट होते.

६. हवा खेळती ठेवा. चार्ज होताना पाण्याच्या या बॅटऱ्यांतून हायड्रोजन निघतो, तो पेट घेतो. झोपायच्या जागेपासून वेगळी पेटी करा आणि तिची नळी गाडीबाहेर काढा. डिस्टिल्ड वॉटर वेळेवर घाला, नळाचं पाणी नको.

७. वजन विसरू नका. अशी एक बॅटरी तीस किलोच्या पुढं जाते. पट्ट्याने घट्ट बांधा. घाटातल्या वळणावर ती सरकता कामा नये.

८. लिथियमची बॅटरी शिशाच्या बॅटरीला सरळ समांतर जोडू नका. दोघींचा चार्जिंगचा दाब आणि स्वभाव वेगळा. मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर लागतो.

आणखी एक. तासभर गाडी चालवली म्हणजे बॅटऱ्या भरल्या असं धरू नका. शिशाची बॅटरी सुरुवातीला भराभर भरते, शेवटचे वीस टक्के मात्र रडतखडत. अर्धवट उतरलेली बॅटरी आठवडाभर तशीच ठेवली तर पत्र्यावरचं सल्फेट कडक होतं आणि परत विरघळत नाही. गाडी दारात उभी असेल तेव्हा चार्जर किंवा सोलर लावून ती पूर्ण भरा.

८०० सेल आणि खोटी वीज

परत प्लांटे यांच्याकडं. १८६० नंतर त्यांनी बॅटरी बाजारात नेण्यापेक्षा ती अधिक समजून घेण्यातच वर्षं घालवली. काही छोटे उपयोग झाले. शस्त्रक्रियेत तार तापवून जखम डागायला डॉक्टर तिचा वापर करू लागले. प्लांटे यांनी मेणबत्ती पेटवणारं एक छोटं उपकरण केलं, त्याला शनीचं नाव दिलं. जुने किमयागार शिशाचं नातं शनीशी लावायचे, म्हणून.

१८७७ मध्ये त्यांनी एक अजब यंत्र केलं, रिओस्टॅटिक मशीन. त्यात अभ्रकाचे पुष्कळ कपॅसिटर होते. आधी ते सगळे समांतर जोडून ८०० सेलच्या बॅटरीने भरायचे. मग एक फिरणारा दांडा एका क्षणात जोडणी बदलून तेच कपॅसिटर एकसर करायचा. दाब कितीतरी पट वाढायचा आणि लांबच लांब ठिणग्या उडायच्या. या ठिणग्यांकडे बघत ते आकाशातली वीज, चेंडूसारखी फिरणारी वीज आणि ध्रुवीय प्रकाश कसे होत असतील याचा विचार करत. १८७९ मध्ये त्यांचं विजेवरच्या संशोधनाचं पुस्तक आलं.

ही युक्ती जुनी म्हणून सोडून देऊ नका. फास्ट चार्जिंगच्या कित्येक फोनमध्ये आज ‘चार्ज पंप’ नावाची चिप असते. ती सेकंदाला हजारो वेळा कपॅसिटरची जोडणी एकसर-समांतर अशी बदलत राहते आणि चार्जरकडून आलेला जास्त दाब निम्मा करून बॅटरीला देते. काही फोनमध्ये तर आत दोन सेल असतात आणि चार्ज होताना ते एकसर जोडलेले असतात. म्हणजे दुसरी बॅटरी तुमच्या खिशातही असू शकते.

नळ आला, पण उशिरा

१८७० नंतर ग्राम यांचे डायनॅमो आले आणि वीज मुबलक तयार होऊ लागली. भांडं भरायला नळ मिळाला. १८८१ च्या सुमाराला कामिल फॉर या फ्रेंच माणसाने शिशाच्या ऑक्साइडचा लगदा करून पत्र्यांवर थापला. मुरवायला महिने लागायचे ते काम झटक्यात कमी झालं आणि साठाही वाढला. कारखाने निघाले, पैसा फॉर आणि इतरांच्या वाट्याला गेला. आज गाडीत असते ती बॅटरी फॉर यांच्या पद्धतीची नात म्हणा हवं तर. आजी मात्र प्लांटे यांचीच.

त्याच १८८१ मध्ये पॅरिसमध्ये विजेचं मोठं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलं. गुस्ताव त्रूवे यांनी त्याच वर्षी प्लांटे यांच्या पद्धतीच्या बॅटरीवर तीन चाकांची गाडी पॅरिसच्या रस्त्यावर चालवून दाखवली. पेट्रोलची मोटार यायच्या आधीची ही गोष्ट आहे.

२१ मे १८८९ रोजी प्लांटे वारले. वय फक्त ५५. ज्या म्यूदोंमध्ये त्यांना पक्ष्याची हाडं सापडली होती तिथंच. शेजारच्या पॅरिसमध्ये तेव्हा नवाकोरा आयफेल टॉवर लोकांसाठी खुला होऊन आठवडाही झाला नव्हता. त्यांच्या नावाचा पुरस्कार फ्रान्सची विज्ञान अकादमी पुढे विजेवरच्या कामासाठी देत राहिली.

दहा वर्षांनी, १८९९ मध्ये, शिशाच्याच बॅटरीवर धावणाऱ्या एका गाडीने रस्त्यावर ताशी १०० किलोमीटरचा वेग पहिल्यांदा ओलांडला. १९१२ मध्ये अमेरिकेतल्या कॅडिलॅक गाडीत इलेक्ट्रिक स्टार्टर आला, हँडल फिरवून हात मोडून घ्यायची गरज संपली आणि शिशाची बॅटरी प्रत्येक गाडीत जाऊन बसली. लिथियम आलं तरी ती अजून तिथंच आहे. स्वस्त आहे, कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळते आणि जुनी झाली की शिसं वितळवून परत वापरता येतं. तुमची जुनी बॅटरी भंगारात टाकू नका, दुकानदाराला परत द्या. २०२२ च्या नियमांनुसार ती परत घेऊन नीट विल्हेवाट लावायची जबाबदारी बॅटरी बनवणाऱ्यांवर आहे.

प्लांटे यांच्या आयुष्यातून मला जे कळलं ते एवढंच की योग्य गोष्ट सापडली तरी तिची वेळ यावी लागते, आणि तोवर ती सोडून द्यायची नसते. डायनॅमो नाही म्हणून त्यांनी पत्रे फेकले नाहीत, वीस वर्षं मुरवत राहिले.

दुसरी बॅटरी घ्यायचा विचार असेल तर दुकानात जाण्याआधी वही उघडा. प्रत्येक वस्तूचे अँपिअर आणि तास लिहा, बेरीज करा, दुप्पट करा. जो आकडा येईल तो घेऊनच दुकानात जा. आमचा हिशोब ९२ चा आहे. पावसाळा उतरला की अण्णा आणि आई त्याच आकड्यावर भरवसा ठेवून आंबा घाट उतरणार आहेत. फ्रिजचा काटा ५ अंशावर आहे.